खाणे, ठेवणे, लावणे : चघळायच्या वनस्पती आणि औषधयोजना

रुग्णालयातील नोंदपत्रावर नाव, वय, वजन आणि पूर्वीचे आजार यांच्या खाली 'व्यसने' असा एक रकाना असतो. तो पुष्कळदा दोनच अक्षरांत भरला जातो : 'नाही'. हे उत्तर खोटे असते असे नव्हे. जेवणानंतर सुपारीचे खांड तोंडात टाकणारा गृहस्थ स्वतःला व्यसनी समजत नाही. त्याचे शेजारीही त्याला तसे समजत नाहीत. विवाहविषयक जाहिरातीतील 'निर्व्यसनी' हे विशेषण तो निःशंकपणे स्वतःला लावू शकतो. सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावणाऱ्या बाईला 'तुम्ही तंबाखू खाता का ?' असे विचारले, तर तिचे 'नाही' हे उत्तर भाषेच्या दृष्टीने बिनचूक असते. कारण मशेरी कोणी खात नाही, ती लावतात. डॉक्टर मात्र या दोन्ही उत्तरांवरून रुग्णाच्या शरीरात कोणतेही उत्तेजक द्रव्य जात नाही असे गृहीत धरतो आणि औषधाची मात्रा त्या समजुतीवर बेततो.

चघळल्या जाणाऱ्या उत्तेजक वनस्पती आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधे यांची शरीरात गाठ पडली म्हणजे काय घडते, हा वस्तुतः औषधशास्त्राचा विषय होय. तथापि जे घडते ते डॉक्टरच्या ध्यानात का येत नाही, हा प्रश्न बराचसा शब्दार्थाचा आहे. रोजची भाषा वस्तूंचे जे गट पाडते आणि शरीर रसायनांचे जे गट पाडते, ते एकमेकांशी जुळत नाहीत. भाषा ज्यांना एक मानते त्यांना यकृत वेगळे मानते. भाषा ज्यांना वेगळे मानते ते मज्जातंतूंना एकच वाटतात. या विसंगतीचे स्वरूप काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

औषधाचा गुण त्याच्या सोबत पोटात जाणाऱ्या पदार्थावर अवलंबून असतो, ही कल्पना भारतीय वैद्यकाला मुळीच परकी नाही. 'अनुपान' ही संज्ञा याच जाणिवेतून आलेली आहे. मध, तूप, कोमट पाणी ही अनुपाने सर्वांच्या परिचयाची आहेत; विड्याच्या पानाचा रस हेही एक अनुपान आहे. त्यामुळे दवाखान्यातून बाहेर पडताना 'पथ्य काय ?' हा प्रश्न मराठी रुग्ण आपण होऊन विचारतो. परंतु पथ्य ही अन्नाच्या क्षेत्रातील कोटी आहे. तिच्यात आंबट, तेलकट, तिखट, थंड असे पदार्थ येतात. उलटपक्षी 'व्यसन' ही नीतीच्या क्षेत्रातील कोटी; तिच्यात दारू, जुगार, गांजा येतात. सुपारी, विडा, मशेरी यांना या दोन्ही कोट्यांत जागा नाही. पथ्य सांगताना त्यांचा उल्लेख होत नाही आणि व्यसन विचारताना त्या आठवत नाहीत.

ही मधली, अनाम राहिलेली जागा अन्य समाजांतही आढळते. तिचे एक ठळक उदाहरण म्हणजे येमेन, इथिओपिया, सोमालिया आणि केनिया या देशांत कोवळी पाने व डहाळ्या चघळल्या जाणारी 'काथा एड्युलिस' ही वनस्पती. मराठीत तिचे नाव लिहू पाहणाऱ्याची मोठी पंचाईत होते. अरबी नाव सरळ लिप्यंतरित केले तर 'कात' होते. पण मराठीत कात म्हणजे खैराच्या लाकडापासून काढलेला, विड्यात घालावयाचा अर्क. त्याचा या वनस्पतीशी काहीही संबंध नाही. इंग्रजी वर्णलेखनाच्या आधारे लिहावे तर त्याचे 'खत' किंवा 'खाट' होते. सना शहराच्या बोलीतील उच्चार 'गात' असा आहे. इथिओपियातील अम्हारिक नाव घेतले तर ते 'चाट'च्या जवळ जाते. एकंदरीत या झुडपाने प्रत्येक भाषेत मराठी शब्दाशी टक्कर घेण्याचे ठरविले आहे असे दिसते ! विलायती चिंच ही ज्या अर्थाने चिंच नव्हे, त्याच न्यायाने प्रस्तुत लेखात या वनस्पतीला 'अरबी कात' असे म्हटले आहे.

तिचे शास्त्रीय नाव पेटर फोर्स्कल या वनस्पतिशास्त्रज्ञापासून आले. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या संशोधक-मंडळीत तो होता. १७६३ साली तो येमेनमध्येच मरण पावला आणि त्याची टिपणे त्याचा सहकारी कार्स्टेन नीबूर याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. याच मंडळीत फोन हाव्हेन हा भाषाशास्त्रज्ञही होता. तोही त्याच वर्षी मोखा येथे वारला. उरलेले लोक समुद्रमार्गे मुंबईस येण्यास निघाले. त्यांच्यापैकी चित्रकार वाटेतच गेला, वैद्य १७६४ मध्ये मुंबईत गेला आणि एकटा नीबूर मायदेशी परतू शकला. पुढे १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता. म्हणजे अरबी कात चघळणारे एक शहर जवळजवळ शतकभर मुंबई इलाख्याच्या कक्षेत होते. फोर्स्कलने दिलेल्या नावातील 'एड्युलिस' या लॅटिन पदाचा अर्थ 'खाद्य' असा आहे. मुद्दा येथेच उपस्थित होतो. शास्त्रज्ञाने त्या पानांना खाद्य म्हटले. जे लोक ती पाने वापरतात ते मात्र त्या क्रियेला 'खाणे' म्हणत नाहीत.

येमेनी अरबीत या क्रियेला 'तख़्ज़ीन' असे नाव आहे. त्याचा मूळ अर्थ साठविणे, कोठारात ठेवणे असा होतो. पाने थोडी थोडी चावून त्यांचा गोळा एका गालात साठविला जातो, त्याचा रस गिळला जातो आणि चोथा शेवटी टाकला जातो. त्या दृष्टीने हे क्रियापद फार नेमके आहे. सोमालीत या एकाच कृतीसाठी 'कायिल' हा स्वतंत्र धातू आहे. अम्हारिकमध्येही जेवण्याचे सामान्य क्रियापद येथे चालत नाही, वेगळे वापरावे लागते. मराठीला हे अपरिचित वाटू नये. तंबाखूचा 'बार भरणे', पानाचा 'तोबरा भरणे' या प्रयोगांत साठवणीची हीच कल्पना आहे. तोबरा म्हणजे मुळात घोड्याच्या तोंडाला बांधावयाची चंदीची पिशवी, हे ध्यानात घेतले म्हणजे मराठी बोलणाऱ्याची दृष्टी येमेनी माणसापेक्षा अधिक थट्टेखोर आहे एवढाच काय तो फरक उरतो.

आता ज्या डॉक्टरला ही क्रियापदे ठाऊक नाहीत त्याने 'तुम्ही काय खाता ?' असे विचारले, तर उत्तरात अरबी कात येणार नाही. 'काही अमली पदार्थ घेता का ?' असे विचारले, तर उत्तर अधिकच ठाम नकारार्थी येईल. कारण येमेनमधील बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने हा पाला अमली पदार्थांच्या वर्गात मोडतच नाही. पाहुण्यांच्या बैठकीत, लग्नसमारंभात, व्यवहाराच्या बोलाचालीत तो असतोच. आपल्याकडील पानसुपारीच्या समारंभाशी त्याची तुलना सहज सुचते.

रसायनशास्त्राचे मत निराळे आहे. अरबी काताच्या ताज्या पानांत 'कॅथिनोन' हे अल्कलॉइड असते. त्याची रचना ॲम्फेटामीन या कृत्रिम उत्तेजकाशी अतिशय जवळची आहे. १९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळेत ते वेगळे करण्यात आले. पाने सुकू लागली की कॅथिनोनाचे रूपांतर त्याहून सौम्य द्रव्यांत होते. म्हणूनच पाला तोडल्यापासून दोन दिवसांच्या आत तो ग्राहकाच्या हाती पडावा यासाठी व्यापाऱ्यांची धावपळ चालते आणि जुड्या केळीच्या पानांत गुंडाळून ओलसर ठेवल्या जातात. कॅथिनोनाचा बराच भाग गालाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतो. म्हणजे 'साठविणे' हे क्रियापद केवळ चित्रमय नाही. द्रव्य शरीरात शिरण्याचा मार्गही त्यात सूचित झाला आहे. कॅथिनोनामुळे नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, झोप व भूक मंदावते. रक्तदाब उतरविण्याची गोळी घेणारा माणूस दुपारभर हा पाला चघळतो तेव्हा एकाच शरीरात दोन विरुद्ध आज्ञा दिल्या जात असतात. नैराश्यावरील काही जुन्या औषधांचे कार्य तर मज्जातंतूंतील उत्तेजक द्रव्यांचा नाश करणाऱ्या एंझाइमाला रोखण्याचे असते. अशा औषधाबरोबर कॅथिनोन आल्यास ती द्रव्ये एकीकडून अधिक स्रवतात आणि दुसरीकडून त्यांचा निचरा होत नाही. त्यामुळे रक्तदाब धोकादायक मर्यादेपर्यंत उसळण्याची भीती असते.

हा विरोध उघड आहे, म्हणून तो निदान तर्काने ओळखता येतो. याहून अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण एका साध्या प्रतिजैविकाचे आहे. १९९७ साली येमेनमधील संशोधकांनी आठ निरोगी पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना ॲम्पिसिलिन व ॲमॉक्सिसिलिन ही औषधे अरबी कात चघळण्याच्या बैठकीच्या आधी, मध्ये आणि नंतर अशा निरनिराळ्या वेळी देण्यात आली आणि मूत्रावाटे किती औषध बाहेर पडते यावरून किती शोषले गेले याचा अंदाज घेण्यात आला. बैठक संपून दोन तास उलटल्यावर घेतलेले ॲम्पिसिलिन पूर्ववत शोषले गेले. इतर सर्व वेळी त्याचे शोषण लक्षणीय प्रमाणात घटले. ॲमॉक्सिसिलिनावर परिणाम झाला तो फक्त बैठकीच्या मध्यावर ते घेतले तेव्हा. पाल्यातील टॅनिने औषधाशी संयोग पावून न विरघळणारे द्रव्य बनवितात, हे याचे संभाव्य कारण मानले जाते. त्याखेरीज अरबी कातामुळे जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते हेही इतर प्रयोगांत आढळले आहे.

येथे कॅथिनोनाचा, म्हणजे ज्यासाठी पाला चघळला जातो त्या द्रव्याचा, फारसा संबंध नाही हे विशेष. टॅनिन हा पाल्यातील तुरट भाग. त्याची कोणाला नशा येत नाही. सुकलेल्या पाल्यातील कॅथिनोन उतरले तरी टॅनिन राहणारच. तेव्हा 'आज पाला शिळा होता, काही चढले नाही' असे म्हणणाऱ्या माणसाचे ॲम्पिसिलिन मात्र तितकेच वाया गेलेले असणे शक्य आहे. नशेचे मोजमाप आणि औषधावरील परिणामाचे मोजमाप ही दोन स्वतंत्र मापे आहेत. 'व्यसन' या शब्दाच्या पोटी जी नशेची कल्पना आहे, तिच्या आधारे औषधाचे नुकसान मोजता येत नाही, हे या एका प्रयोगावरून स्पष्ट होते.

याच संदर्भात औषधाच्या चिठ्ठीतील 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर' या वाक्यखंडाकडे पाहावे. त्याचा अर्थ स्थिर वाटतो, पण तो दिनक्रमावर टेकलेला आहे. येमेनमध्ये पाल्याची बैठक दुपारच्या जेवणानंतर सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत चालते. म्हणजे दुपारची मात्रा नेमकी बैठकीच्या तोंडावर पडते. भूक मंदावल्यामुळे रात्रीचे जेवण लांबते, नाममात्र होते किंवा टळते. मग 'जेवणानंतर' या पदाला आधारच उरत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याने तीन मात्रा लिहिल्या, रुग्णाने प्रामाणिकपणे त्या पाळल्या, आणि तरीही एक मात्रा टॅनिनाच्या वाट्याला गेली व दुसरी घेतलीच गेली नाही, असे होऊ शकते. संसर्ग बरा होत नाही तेव्हा दोष औषधाला दिला जातो किंवा रुग्णाच्या हलगर्जीपणाला. अपुऱ्या मात्रेत टिकून राहिलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात, हा आणखी एक परिणाम.

तिसऱ्या प्रकारची ढवळाढवळ यकृतात होते. तेथील 'सीवायपी' नावाच्या एंझाइमांच्या कुलाकडे पुष्कळ औषधांची विल्हेवाट लावण्याचे काम असते. इथिओपियातील स्वयंसेवकांवर अलीकडे झालेल्या अभ्यासात अरबी कात चघळल्याने यांपैकी 'सीवायपी २डी६' या एंझाइमाचे कार्य मंदावते असे दिसून आले. मानसिक आजारांवरील व हृदयविकारावरील काही औषधे याच एंझाइमाकडून मोडली जातात. ते मंदावले की ती रक्तात साचतात. कोडीनची गोष्ट याच्या उलट आहे. कोडीन हे या एंझाइमाकडून मॉर्फीनमध्ये बदलले गेल्यावरच वेदना शमविते. एंझाइम थंडावले तर रुग्ण गोळी घेऊनही कण्हत राहतो. यात भर अशी की, हे एंझाइम सर्वांत सारखे नसते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथिओपियातील सुमारे २९ टक्के लोकांत त्याच्या जनुकाच्या एकाहून अधिक प्रती आढळल्या. अशा लोकांत ते अतिवेगाने काम करते. एकाच बैठकीत, एकाच जुडीतील पाने चघळणाऱ्या दोन माणसांवर एकाच गोळीचा परिणाम भिन्न होऊ शकतो तो यामुळे.

अरबी काताविषयीचे हे निष्कर्ष जसेच्या तसे सुपारीला लावता येणार नाहीत. वनस्पती निराळी, तिचे अल्कलॉइड निराळे, आणि त्याची मज्जातंतूंवरील क्रियाही निराळ्या जातीची आहे. लागू पडतो तो विचार करण्याचा मार्ग : काय चघळले जाते, कसे, केव्हा, आणि त्याला तेथील भाषा काय म्हणते.

सुपारीतील 'ॲरेकोलीन' हे द्रव्य शरीरातील ॲसिटिलकोलीन या मज्जातंतू-संदेशवाहकाची नक्कल करते. लाळ सुटणे, घाम येणे, श्वासनलिका आकुंचित होणे या त्याच्या क्रिया आहेत. मराठीने ही गोष्ट प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी टिपून ठेवली आहे. सवय नसलेल्या माणसाने कच्ची किंवा ओली सुपारी खाल्ली आणि त्याला दरदरून घाम सुटून भोवळ आली, छातीत कोंडल्यासारखे झाले, तर 'सुपारी लागली' असे म्हणतात. 'लागणे' हे क्रियापद ऊन, थंडी, दृष्ट, ठेच अशा बाहेरून येऊन शरीराला बाधणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत वापरले जाते. म्हणजे सुपारी हे शरीरावर क्रिया करणारे द्रव्य आहे, निव्वळ मुखशुद्धी नव्हे, याचे ज्ञान भाषेत आहे. ते नोंदपत्रावर मात्र पोचत नाही. कारण 'लागणे' हा अपवाद समजला जातो आणि 'खाणे' हा नित्यक्रम.

१९८९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. दोघांनाही मानसिक आजारावरील औषधे चालू होती : एकाला फ्लुफेनाझिन, दुसऱ्याला फ्लुपेंथिक्सॉल. या औषधांचा एक ज्ञात दुष्परिणाम म्हणजे अंग ताठरणे आणि कंप सुटणे. तो आवरण्यासाठी ॲसिटिलकोलीनला विरोध करणारे दुसरे औषध सोबत दिले जाते. या रुग्णांनी भरपूर सुपारी चघळण्यास सुरुवात केली तेव्हा त्यांचे अंग विलक्षण ताठरले, हालचाली मंदावल्या, कंप वाढला. सुपारी थांबविल्यावर आठवडाभरात ते पूर्वस्थितीला आले. उघडच आहे की, सोबतचे औषध ज्या द्रव्याला दाबत होते त्याचीच नक्कल करणारे द्रव्य रुग्ण स्वतः गालात भरत होते. अशा वेळी सुपारीची माहिती नसलेला डॉक्टर आजार बळावला किंवा औषध जास्त झाले असे समजून भलत्याच दिशेने मात्रा बदलील, हे ओघानेच आले. दम्याच्या बाबतीतही हाच तर्क आहे. ॲरेकोलीन श्वासात दिल्यास दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आवळतात असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. श्वासनलिका रुंदावणारे औषध आणि त्या आवळणारी सुपारी ही दोन्ही एकाच माणसाच्या खिशात असू शकतात.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. पॅसिफिक महासागरातील पलाऊ बेटांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, छिन्नमनस्कतेच्या रुग्णांपैकी जे सुपारी चघळत होते त्यांची लक्षणे तुलनेने सौम्य आढळली. पुढे ॲरेकोलीनच्या रचनेवरून स्फूर्ती घेऊन तयार केलेले झॅनोमेलीन हे द्रव्य दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने याच आजारासाठी अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झाले. यावरून सुपारी हे औषध आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. तोंडाच्या कर्करोगाशी असलेला तिचा संबंध निर्विवाद आहे. पण रुग्ण सुपारी का चघळतो या प्रश्नाचे उत्तर 'वाईट सवय' एवढ्यात संपत नाही. त्याला तिचा काही उपयोग जाणवत असेल, तर ती लपविण्याचेही त्याला तेवढेच कारण असते.

तंबाखूच्या बाबतीत भाषेची विभागणी वेगळ्याच प्रकारे फसविते. विडी, चिलीम, मशेरी, जर्दा, विदर्भातील खर्रा, अन्यत्रचा मावा या सर्वांमागे तंबाखू हा एक शब्द आहे, म्हणून 'तंबाखूचे सेवन' असा एकच वर्ग आरोग्यविषयक लिखाणात केला जातो. यकृताला तो मान्य नाही. तंबाखू जळताना धुरात जी हायड्रोकार्बने तयार होतात, ती 'सीवायपी १ए२' या एंझाइमाचे उत्पादन वाढवितात. दम्यावरील थिओफायलीन आणि छिन्नमनस्कतेवरील क्लोझापीन ही औषधे या एंझाइमाकडून मोडली जातात. त्यामुळे विडी ओढणाऱ्याला ती अधिक मात्रेत द्यावी लागतात. निकोटिनात हा गुण नाही. तेव्हा ज्या रुग्णाने डॉक्टरच्या सांगण्यावरून विडी सोडली आणि 'आता फक्त तंबाखू खातो' असे सांगितले, त्याच्या दृष्टीने आणि पुष्कळदा डॉक्टरच्याही दृष्टीने तंबाखू चालूच आहे, काही बदललेले नाही. पण धूर थांबल्यामुळे काही दिवसांतच एंझाइम पूर्वपातळीवर येते आणि तीच मात्रा आता अतिरिक्त ठरते. थिओफायलीन वाढल्यास मळमळ, हृदयाचे अनियमित ठोके आणि झटके येऊ शकतात. ओढणे आणि खाणे या दोन क्रियापदांतील अंतर येथे तंबाखू या नामापेक्षा महत्त्वाचे आहे. निकोटिनाच्या स्वतःच्या क्रिया मात्र दोन्हीकडे सारख्याच राहतात : ते रक्तदाब चढविते आणि त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे टोचून घेतलेल्या इन्सुलिनचे शोषणही मंदावू शकते.

चुन्याविषयी तर कोणी विचारीतच नाही, इतका तो गौण समजला जातो. वस्तुतः चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते आणि त्या अवस्थेत निकोटिन व ॲरेकोलीन तोंडाच्या अस्तरातून सुलभपणे आत जातात. तळहातावर तंबाखू मळताना चुना लावणारा माणूस न कळत हेच साधत असतो. शिवाय चुना म्हणजे कॅल्शियम. टेट्रासायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सासिन, थायरॉइडची गोळी ही औषधे कॅल्शियमच्या गोळ्यांपासून काही तास दूर ठेवावीत, ही सूचना औषधविक्रेते नेहमी देतात. कारण कॅल्शियम त्यांना बांधून ठेवते. रुग्ण कॅल्शियमची गोळी घेत नाही, पण विडा खाऊन रस गिळतो. पोटात जाणारा चुना किती हे थुंकण्याच्या व गिळण्याच्या सवयीवर अवलंबून असल्यामुळे याविषयी सरसकट विधान करता येत नाही. तैवानमध्ये सुपारीबरोबर चुन्याचा लगदा सतत खाणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील कॅल्शियम अपायकारक प्रमाणात वाढल्याचे मात्र नोंदलेले आहे. लघवी वाढविणारी थायझाइड वर्गाची औषधे शरीरातील कॅल्शियम बाहेर पडू देत नाहीत. ती घेणाऱ्याच्या बाबतीत हा धोका अधिक.

मराठीत प्रश्न कसा विचारावा, याचे उत्तर वरील विवेचनातून बरेचसे निघते. 'व्यसन' आणि 'सेवन' ही नामे दूर ठेवून क्रियापदांनी विचारावे. तोंडात काही ठेवता का, चघळता का, दातांना काही लावता का, मळता का, ओढता का. रस गिळता की थुंकता. जेवणाआधी की नंतर, झोपताना गालात राहते का. गेल्या महिन्यात यांतले काही सोडले किंवा बदलले का. जिल्ह्याजिल्ह्यांतून नामे बदलतात : नागपूरकडे खर्रा म्हणावा लागेल, पश्चिमेकडे मावा. विक्रीवर बंदी असलेल्या पदार्थांच्या बाबतीत नाव घेण्यास रुग्ण कचरतो हेही लक्षात ठेवले पाहिजे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून अरबी काताला बंदी झाल्यावर तेथील सोमाली व येमेनी रुग्णांना या विषयावर बोलते करणे दुभाष्यांना अधिक अवघड होणे साहजिक होते.

मशेरीच्या बाबतीत आणखी एक बारीक अडचण आहे. ती दिवसातून दोनदा-तीनदा लावली जात असली तरी बायका तिला दात घासण्यातच मोजतात. 'सकाळी उठल्यापासून काय काय करता ?' असे विचारले की ती चहाच्या आधी आपोआप येते. रिकाम्या पोटी घ्यावयाची गोळीही बहुधा त्याच वेळेची असते.